सतारमेकर गल्लीतील एक दुपार

मिरजेचे नाव निघाले की कोणाला तेथले मोठे रेल्वे जंक्शन आठवते, तर कोणाला तेथली नामांकित रुग्णालये. गाण्याबजावण्याच्या नादी लागलेल्या माणसाला मात्र आठवते ती सतारमेकर गल्ली. किराणा घराण्याचे थोर गायक अब्दुल करीम खाँ यांनी याच गावी वास्तव्य केले. १९३७ साली त्यांचे निधन झाले, आणि येथील मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारातच त्यांना चिरविश्रांती मिळाली. विष्णु दिगंबर पलुसकर यांनी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशी गानविद्या संपादन केली, तीही येथेच. परंतु गवई कितीही थोर झाला तरी त्याच्या पाठीशी तंबोरा हवाच. आणि तो तंबोरा घडविणारी माणसे या गल्लीत पिढ्यानुपिढ्या राहत आली आहेत. त्यांचे पूर्वज शिकलगार होते, म्हणजे शस्त्रांना धार लावून देणारे. शस्त्रांची मागणी ओसरू लागली तेव्हा, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास, फरीदसाहेब नावाच्या कुशल कारागिराने तंतुवाद्ये घडविण्यास आरंभ केला. तलवार घासणाऱ्या हातांनी तारेला गोडवा आणला! २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, ते या जुन्या पुण्याईमुळेच.

वाद्यांविषयी माहिती हवी असेल तर ग्रंथ वाचावेत, हे खरे. पण त्याहून सोपा आणि गमतीचा एक मार्ग आहे. चार वादक एकत्र बसले असता त्यांची थट्टामस्करी निमूटपणे ऐकावी. थट्टा करणारा दुसऱ्याच्या वाद्याचे नेमके दुखणे हेरतो, आणि ते दुखणे हेरण्यासाठी त्या वाद्याची नाडी ओळखावी लागते. म्हणून, मुलांनो, आपण मनाने १९६० च्या सुमारास, श्रावणातल्या एका दुपारी या गल्लीतील एका दुकानात जाऊन बसू या. प्रसंग कल्पनेतला आहे. त्यातली वाद्ये आणि त्यांची दुखणी मात्र खरी आहेत.

बाहेर पाऊस कोसळत होता. दुकानात लाकडाच्या भुशाचा आणि रोगणाचा वास भरून राहिला होता. आढ्याला वाळलेले मोठमोठे भोपळे टांगलेले होते. वृद्ध कारागीर चाचा एका तंबोऱ्याची जवारी काढीत बसले होते. तो तंबोरा गवईबुवांचा. रात्री कृष्णाकाठच्या एका गावी, गोकुळाष्टमीच्या उत्सवात, देवळात बुवांचे गाणे ठरले होते. तंबोऱ्यासाठी सारी मंडळी खोळंबली होती: तबला-पखवाजवाले अण्णा, पेटीवाले मास्तर, सारंगिये खाँसाहेब आणि बुवांचा बारा वर्षांचा शिष्य. बुवांच्या कोटाच्या खिशात देवळाच्या पंचांकडून आलेले एक पोस्टकार्ड होते. ते त्यांनी सकाळपासून तीनदा बाहेर काढले होते आणि तीनदा न वाचून दाखविताच परत ठेवले होते.

अण्णांनी तबल्याच्या गठ्ठ्यावर हातोडीचा ठोका घातला. मास्तर लगेच म्हणाले, "अण्णा, तुम्ही गाण्याच्या साथीला निघालात, की देवळाचे वासे ठोकायला?"

"मास्तर, माझे वाद्य जिवंत आहे," अण्णा ठोकता ठोकता उत्तरले. "पाऊस पडला की ते अंग टाकते, ऊन पडले की ताठ होते. तुमच्या पेटीचे तसे नाही. कारखान्यातून निघाली त्या दिवशी जे बोलली, तेच आजही बोलते."

अण्णांचे म्हणणे खोटे नव्हते. तबल्याची पुडी बकऱ्याच्या कातड्याची असते. दमट हवेत कातडे सैल पडते आणि स्वर उतरतो. मग वादीखाली अडकवलेले लाकडी गठ्ठे ठोकून खाली सरकवावे लागतात, तेव्हा पुडी ताणली जाते आणि स्वर पुन्हा चढतो. पावसाळ्यात तबलजीची हातोडी त्याच्या बोटांइतकीच राबते.

"पेटीला दुखणे नाही असे कोण म्हणतो?" मास्तर म्हणाले. "मागच्या महिन्यात उंदराने भात्याला भोक पाडले. तेव्हापासून 'सा' धरला की आधी एक सुस्कारा ऐकू येतो."

"तो सुस्कारा पेटीचा नव्हे मास्तर, ऐकणाऱ्यांचा!" बुवा म्हणाले, आणि दुकान हसण्याने भरून गेले.

मास्तर हार मानणारे नव्हते. त्यांनी मोर्चा पुन्हा अण्णांकडे वळविला. "अण्णांच्या घरी जेवायला जायचे तर आधी चौकशी करावी, की घरात कणीक शिल्लक आहे, की सगळी पखवाजाने खाल्ली?"

"आमच्या घरी त्याचे पान आधी वाढतात," अण्णा गंभीर चेहऱ्याने म्हणाले. "आमचे कुटुंब म्हणते, पखवाजासाठी मी जितकी मऊ कणीक मळते तितकी तुमच्या पोळ्यांसाठीही मळत नाही."

ज्यांनी कीर्तनात वा भजनात पखवाज जवळून पाहिला असेल त्यांना ही थट्टा कळेल. पखवाजाच्या डाव्या तोंडावर वाजविण्यापूर्वी ओल्या कणकेचा गोळा थापतात. त्याच्या वजनाने पुडीचा नाद खोल, घुमणारा होतो. वाजविणे संपले की कणीक खरवडून काढावयाची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ताजी मळावयाची. रोज जेवू घालावे लागणारे असे दुसरे वाद्य माझ्या तरी ऐकिवात नाही.

खाँसाहेब कोपऱ्यात सारंगी मांडीवर घेऊन बसले होते. सारंगी हे एकसंध लाकूड कोरून केलेले वाद्य. पोट कातड्याने मढविलेले, वर आतड्याच्या तीन जाड तारा, आणि त्यांच्याखाली पस्तीसच्या घरात बारीक धातूच्या तरफा. वरच्या तारेवर गज फिरला की खालच्या तरफा आपोआप झंकारतात. पण त्यासाठी त्यांतली प्रत्येक तरफ आधी नेमक्या स्वरात मिळवावी लागते. खाँसाहेबांचे ते काम सकाळपासून चालले होते.

अण्णा म्हणाले, "खाँसाहेब, तुमच्या तरफा जुळेपर्यंत आजची जन्माष्टमी सरून उद्याची दहीहंडीही फुटेल."

"बरेच होईल अण्णा, दही तरी पदरात पडेल," खाँसाहेब मान वर न करता म्हणाले. "आज उपासाचे घर. साबुदाण्याखेरीज दुसरे काही दिसायचे नाही. आणि बुवा तर दह्याला हातही लावायचे नाहीत."

बुवांनी गळ्याभोवतीचा मफलर घाईने सारखा केला. चाचांनी कानस खाली ठेवून प्रथमच तोंड उघडले. "बुवा सगळ्यांना हसतात, पण सगळ्यांत नाजूक वाद्य त्यांचेच. तंबोऱ्याचा भोपळा तडकला तर मी सांधून देतो. गळा तडकला तर सांधणारा कारागीर या गल्लीत नाही."

"म्हणून तर मी माझे वाद्य कधी आगगाडीच्या फळीवर ठेवीत नाही," बुवा हसून म्हणाले. "तंबोऱ्याचे मात्र हाल होतात. मागच्या खेपेस तिकीट तपासनीस म्हणाला, एवढे मोठे मूल मांडीवर घेऊन बसलात, त्याचे निदान अर्धे तिकीट तरी काढा!"

शिष्य आढ्याच्या भोपळ्यांकडे टक लावून पाहत होता. "चाचा, एवढ्या भोपळ्यांची भाजी केली तर सारी गल्ली जेवेल, नाही का?"

"एक घास खाऊन पाहा, मग गल्ली काय, घरही जेवायचे नाही," चाचा म्हणाले. "हा भोपळा कडू जातीचा. पंढरपूर, मंगळवेढे या बाजूला याचे वेल लावतात. कडू म्हणूनच त्याला सहसा कीड लागत नाही. महिनोन्‌महिने वाळवायचा, मग कापायचा, मग त्यावर लाकडाची तबली बसवायची. गोड भोपळा एका दिवसात संपतो, बाळ. कडू भोपळा तुझ्या नातवापर्यंत गातो." मग तंबोरा आडवा धरून त्यांनी विचारले, "बुवांची पट्टी कोणती?"

"काळी एक," शिष्य चटकन म्हणाला.

मास्तर जणू या शब्दाचीच वाट पाहत होते. "ऐकलेत? सारे ऐकलेत ना? हे बुवा भर सभेत म्हणतात की पेटी म्हणजे परदेशी खोका. पेटीत मींड नाही. 'सा'वरून 'रे'वर जायचे तर पेटी पायरी चढते आणि गळा तरंगत जातो. ठीक आहे. पण स्वतःचा स्वर सांगायची वेळ आली की बुवा कशाचे नाव घेतात? काळी एक! ही काळी कोणाची? माझ्या पेटीची. तंबोऱ्याला कधी काळी-पांढरी पट्टी पाहिली आहे का कोणी?"

बुवा निरुत्तर झाले. आजही आपल्याकडे गवयाला त्याचा स्वर विचारा. तो 'काळी दोन', 'पांढरी चार' असेच उत्तर देतो. पेटीवर कितीही टीका झाली तरी पेटीच्या पट्ट्यांनी आपल्या बोलण्यात कायमचे घर केले आहे.

याच आनंदाच्या भरात शिष्याने विचारले, "मास्तर, मग रेडिओवर तुमची पेटी कधीच का लागत नाही?"

हसणे थांबले. मास्तरांनी पेटीच्या झाकणावरची नसलेली धूळ पुसली. खाँसाहेबांचा गज हातातच राहिला. मुलाने काहीच वावगे विचारले नव्हते. पण तो प्रश्न दोघांच्या भाकरीला जाऊन लागला होता. तो कसा, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

पूर्वी ख्याल-ठुमरीच्या बैठकीत गवयामागे सारंगी असे. मानवी कंठाच्या इतके जवळ जाणारे दुसरे वाद्य क्वचितच सापडेल. पण ते शिकण्यास कठीण. त्यात बोटाचे टोक तारेवर दाबावयाचे नसते, तर नखाच्या मुळाशी असलेल्या त्वचेने तारेला बाजूने स्पर्श करावयाचा असतो. त्यातच फ्रान्समधून पेटी आली. १८४२ साली पॅरिसमध्ये दबें नावाच्या कारागिराने तिचे पेटंट घेतले. त्या मूळ वाद्याला पायाने भाता मारावा लागे. हिंदुस्थानात त्याला हाताचा भाता बसला आणि ते आपल्यासारखे जमिनीवर मांडी घालून बसू लागले. पेटी वाजविण्यास सोपी, आवाजाने मोठी, आणि पुन्हा पुन्हा जुळवावी न लागणारी. महाराष्ट्रात संगीत नाटकांनी तिला जवळ केले. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या थोर कलावंताने तिला केवळ साथीपुरती न ठेवता स्वतंत्र वादनाची प्रतिष्ठा मिळवून दिली. पेटी बैठकीत पुढे सरकली आणि सारंगी मागे पडत गेली. कितीतरी सारंगियांची साथीची कामे अशी हातून गेली.

मग फासा उलटा पडला. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीला बंदी केली. पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. आपल्या रागांतले स्वर मात्र तसे मोजून कापलेले नसतात, एका रागातला कोमल गांधार दुसऱ्या रागातल्या कोमल गांधाराहून किंचित वेगळा लागतो, असा पेटीवर आक्षेप होता. रवींद्रनाथ ठाकूरांनाही पेटी नापसंत होती. आक्षेपात तथ्य होते, हे मान्य करावयास हवे. तरी उत्तम पेटीवादकाची बोटे गळ्याचा आशय किती जवळून गाठू शकतात, हे ज्यांनी ऐकले आहे त्यांना ती बंदी फार कठोर वाटते, मलाही वाटते. रेडिओवर सारंगियांना काम मिळत राहिले, आणि पेटीवाले दाराबाहेर राहिले. पुढे १९७० च्या दशकात ही बंदी हळूहळू सैल झाली. सारंगीलाही पंडित राम नारायण (१९२७–२०२४) यांनी स्वतंत्र वादनाचे वाद्य म्हणून जगभर मान मिळवून दिला. पण आपल्या दुकानातल्या दोघांना ते ठाऊक असण्याचा संभव नव्हता. त्या श्रावणात बंदी कायम होती, आणि सारंगीच्या बैठका दिवसेंदिवस कमी होत होत्या.

खाँसाहेबच आधी बोलले. "बाळ, मास्तरांच्या पेटीने माझ्या बैठका खाल्ल्या. मग रेडिओने मास्तरांची पेटी खाल्ली आणि मला दोन घास दिले. हिशेब बरोबर झाला."

"बरोबर कसा?" मास्तर म्हणाले. "तुम्ही दोन घास खाल्लेत. माझा तर अजून उपासच चालू आहे."

"आज अष्टमी आहे, मास्तर. आज सगळ्यांचाच उपास!"

मास्तरांना हसू आवरेना. तेवढ्यात बुवांनी चौथ्यांदा पोस्टकार्ड काढले, आणि या वेळी ते वाचून दाखविले. मी खाँसाहेबांना बोलावणे धाडले, तेव्हा पंचांनी मास्तरांना आधीच सांगून ठेवले होते, असा त्याचा मथितार्थ होता. देवळाची ऐपत बेताची. गवई, ठेका धरणारा आणि साथीला एक, एवढ्यांचीच बिदागी देणे शक्य आहे. दोघांपैकी कोणी यावे ते बुवांनी ठरवावे.

पावसाचा आवाज एकाएकी मोठा वाटू लागला. अण्णांनी हातोडी पिशवीत टाकली.

"यात ठरवायचे काय?" मास्तर म्हणाले. "खाँसाहेबांनी जावे. बुवांच्या मींडी माझ्या पेटीत मावत नाहीत, हे त्यांनीच आताच सांगितले."

"माशाल्ला! आणि या ओल्या हवेत माझ्या तारा रडायला लागल्या तर?" खाँसाहेब म्हणाले. "देवाचा जन्म आहे, बारसे होण्याआधी रडारड नको. मास्तरांनी जावे. त्यांच्या पेटीला ऊन नाही, पाऊस नाही. अण्णांनी प्रमाणपत्र दिलेच आहे."

"भात्याला भोक आहे, ते विसरलात वाटते?"

"माझ्या खिशालाही आहे."

प्रत्येक जण स्वतःच्या वाद्याची निंदा करून दुसऱ्याला पुढे ढकलीत होता. सकाळपासून जी उणीदुणी दुसऱ्याची म्हणून काढली, तीच आता ज्याने त्याने आपली म्हणून पत्करली होती. बुवा कधी याच्याकडे पाहत, कधी त्याच्याकडे. निवाडा करण्याचे धैर्य त्यांच्यात नव्हते, आणि त्यासाठी त्यांना दोष देता येणार नाही.

इतक्यात चाचांनी घोडी आणि तार यांच्यामध्ये सुती दोऱ्याचा तुकडा सरकविला आणि तार छेडली. नुसती 'टण्' अशी वाजणारी ती तार आता भुंग्यासारखी गुंजू लागली. चाचा तो दोरा केसभर पुढे, केसभर मागे करीत राहिले. एका जागी येताच तारेचा नाद उमलला आणि दुकानभर पसरला. यालाच जवारी लागणे म्हणतात. मग चाचांनी चारही तारा एकामागून एक छेडल्या. कोणी कोणास काही सांगितले नाही. पण खाँसाहेबांचा गज तारेवर टेकला, मास्तरांनी भाता उघडून काळी एक धरली, आणि अण्णांची बोटे तबल्यावर स्वर चाचपू लागली.

काही वेळाने खाँसाहेबांनी गज उचलला. "बुवा, तुम्ही आधी ख्याल गाणार. तेवढी साथ मी करतो. मग अभंग आणि नाट्यपदे येतील, ती मास्तरांची. बिदागी एकाची आहे ना? निम्मी निम्मी."

"आणि साबुदाण्याची खिचडी?" मास्तरांनी विचारले.

"तीही निम्मी."

"मग ख्याल आटोपता घ्या. तुमच्या तरफा जुळण्यातच माझ्या वाट्याची खिचडी गार होईल."

अण्णा घाईघाईने म्हणाले, "माझ्या बिदागीचे मात्र कोणी वाटे पाडू नयेत. माझ्या घरी पखवाज धरून खाणारी तोंडे पुष्कळ आहेत."

बुवांनी पोस्टकार्ड फाडले नाही. त्याच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी पंचांना उत्तर लिहिले: साथीला दोघे येत आहेत, बिदागी एकाचीच द्यावी, पाने मात्र पाच वाढावीत. पण टपाल गावी पोहोचण्याआधी मंडळीच तेथे पोहोचणार, हे ध्यानात येताच त्यांनी ते कार्ड पुन्हा खिशात घातले.

दाराशी टांगा येऊन उभा राहिला. पाऊस थांबण्याची चिन्हे नव्हती, आणि साऱ्यांत मिळून छत्री एकच होती. ती कोणावर धरावयाची याविषयी मात्र मुळीच वाद झाला नाही. शिष्याने तंबोरा उचलला आणि मास्तरांनी त्याच्यावर छत्री धरली. खाँसाहेबांनी गवसणीतली सारंगी शेरवानीच्या आत घेतली. पेटीवर बुवांनी स्वतःचा मफलर पसरला, तेव्हा मास्तर म्हणाले, "बुवा, तुमचा गळा!" बुवा म्हणाले, "राहू द्या, काळी एक भिजायला नको."

टांगेवाल्याने आतल्या दाटीकडे पाहून विचारले, "सवाऱ्या किती, बुवा?"

"सवारी एकच, तंबोऱ्याची," अण्णा पायरीवर चढत म्हणाले. "आम्ही सारे त्याचे नोकर. चला, हाका लवकर!"